कान असलेला नगारा

सांगायला खरं तर तोंड नाही मला. पण चहा सांगून झालाय, तुम्ही सगळे टक लावून बसलाय, आणि कोरमंगल्यातल्या या टपरीवर आमच्या समाजातलं कुणी उगवायची शक्यता नाही. तेव्हा ऐका. हसायचं तर खुशाल हसा. इज्जत होती तेव्हा मला फरक पडायचा.

तर, मी एक मशीन केलं. साधं, चांगलं, उपयोगी मशीन. आणि त्या मशीनने भर रामनवमीला, भर समाजासमोर माझ्या आयुष्याचं वाटोळं केलं. मशीनने केलं असं मी लोकांना सांगतो. खरं काय ते शेवटी तुम्हाला कळेलच.

आधी माझं काम समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. तुमच्या पीजीची लिफ्ट मजल्यावर अलगद थांबते ना, गचका न देता? तिथे ड्राइव्ह असतो. जिममध्ये ट्रेडमिलचं बटण दाबलं की पट्टा हळूहळू वेग घेतो, तिथेही ड्राइव्ह. मोठ्या सोसायटीत वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की तळघरातला पंप आपोआप जोर धरतो, नळ बंद केला की मंदावतो. तिथेही तोच. जेवणाच्या डब्याएवढी पेटी असते. मोटरला जाणारी वीज ती हवी तशी बदलते, की मोटर हळू किंवा जोरात फिरते. बस, एवढंच. या शहरात जे जे म्हणून नीट, न आदळता, न किंचाळता फिरतं, त्याच्या मागे कुठेतरी ही पेटी असते.

हे मी कॉलेजात शिकलो असं वाटतं का तुम्हाला? कॉलेजात आमचे एक सर पिवळ्या पडलेल्या कागदांवरून फळ्यावर उतरवायचे, आणि आम्ही फळ्यावरून वहीत. मी एकदा म्हटलं, "सर, एखादा ड्राइव्ह उघडून दाखवा ना." सर म्हणाले, "परीक्षेला येत नाही." त्या दिवशी मी बॅग उचलली ती उचललीच. तिसऱ्या वर्षाला होतो. इथल्याच शिवाजीनगरच्या एका वर्कशॉपमध्ये लागलो आणि महिन्याभरात ड्राइव्ह उघडला, जाळला, पुन्हा जोडला.

घरी काय झालं असेल? आमचे वडील, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं! त्यांनी लोकांना सांगायला सुरुवात केली की चेतन सध्या 'ब्रेक'वर आहे. दोन वर्षं झाली, मी ब्रेकवरच आहे. हाताला ग्रीस लागलेलं असतं, बोटाला भाजलेलं असतं, आणि मी ब्रेकवर!

आमचा समाज याच शहरातल्या चामराजपेटेतला. इथे आम्ही कधी आलो ते विचारू नका. समाजातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलंत तर तो घोड्यावरून आलो तिथपासून सुरू करेल आणि तुमची बस चुकेल. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि संतापलो की दोन्ही एकदम. समाजाचं एक मंडळ आहे. वर सभागृह, त्यात राममंदिर, खाली रस्त्याला लागून गाळे. एका गाळ्यात फुलवाला, एकात झेरॉक्स, आणि मधला एक रिकामा.

तो रिकामा गाळा मला हवा होता.

सांगतो ना, दुसरं काही नको होतं हो मला! बाहेर त्या भागात भाडी केवढी महाग झालीयत. तिथे एक टेबल, एक टेस्ट बेंच, वर पाटी, मग अण्णांना म्हणता आलं असतं की चेतनचं वर्कशॉप आहे. ब्रेक संपला असता.

पण गाळा कुणाला द्यायचा ते कमिटी ठरवणार. आणि कमिटी म्हणजे कोण? सगळे सत्तरीच्या पुढचे. अध्यक्ष सेतूरावकाका. मंडळाची खुर्ची त्यांच्याखाली इतकी वर्षं आहे की आता नक्की कोण कुणाला धरून आहे ते सांगता येत नाही. त्यांच्या जावयालाही तोच गाळा हवा होता. फिल्टर कॉफीचं दुकान काढायला! चामराजपेटेत! जिथे दगड मारला तरी कॉफीवाल्याला लागतो तिथे!

तरी मी गेलो. नीट इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

"तू तो कॉलेज सोडलेला ना?" सेतूरावकाका म्हणाले.

"हो काका."

"आता काय करतोस?"

"मोटरचे ड्राइव्ह बसवतो."

"म्हणजे वायरमन."

"वायरमन नाही, काका."

"वायर नसते त्यात?"

"असते, पण..."

"मग वायरमनच की रे." आणि कमिटीकडे बघून, "काय अंबक्का?"

अंबक्का म्हणजे कमिटीतल्या एकमेव बाई. ऐंशीला टेकलेल्या, काठी घेऊन चालतात, जीभ मात्र बिनकाठीची. त्या म्हणाल्या, "वायरमन तर वायरमन. तुमच्या त्या नगाऱ्याला स्वल्प हळू करेल का विचारा. जीव घेतो मेला!"

आणि कमिटीतले सगळे एकदम समोरचे कागद चाळायला लागले. कारण तो नगारा म्हणजे साधासुधा विषय नाही.

देवळात आरतीच्या वेळी मोटरवर वाजणारं ते मशीन बघितलं असेल तुम्ही. एक नगारा, वर घंटा, बाजूला झांज, बटण दाबलं की सगळं धडाधड सुरू. आमच्याकडचं मशीन सेतूरावकाकांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेलं. पितळी पाटीवर नाव आहे. त्यामुळे नगाऱ्याला नाव ठेवणं म्हणजे थेट काकांच्या वडिलांना नाव ठेवणं. पण मशीनला वेग एकच. आणि आमच्या आरतीला वेग दोन! सेतूरावकाकांचा गट आरती अशी म्हणतो की जणू मेजेस्टिकची शेवटची बस पकडायचीय. अंबक्कांचा गट एकेक ओळ पापड वाळत घालावा तशी पसरतो. मशीन दोघांच्या मध्ये. म्हणजे कुणाच्याच बरोबर नाही. दर आरतीनंतर भांडण. मी लहानपणापासून प्रसाद त्या भांडणातच खाल्लाय.

"करता येईल," मी म्हणालो.

"काय करता येईल?"

"मशीन तुमच्या चालीने चालेल. तुम्ही हळू म्हणा, हळू वाजेल. जोरात म्हणा, जोरात वाजेल. रामनवमीला दाखवतो."

सेतूरावकाकांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. रामनवमीला बघू. चाललं, तर गाळ्याचं बोलू."

अण्णा कमिटीत शेवटच्या खुर्चीवर बसतात. ते खाली जमिनीकडे बघत होते. घरी येताना ऑटोत म्हणाले, "तोंडावर पडू नकोस." बस. आशीर्वाद म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

आता तुम्ही म्हणाल, साधं वेगाचं बटण द्यायचं ना! फिरवलं की हळू, फिरवलं की जोरात. अहो, पण ते फिरवणार कोण? त्या बटणावरून समाजाचे दोन समाज झाले असते. म्हणून मी डोकं चालवलं. घात तिथेच झाला.

मी पंपाचा विचार केला. पंपाला पाण्याचा दाब सांगणारा सेन्सर असतो, त्यावरून ड्राइव्ह वेग ठरवतो. मग इथे माइक लावायचा! लोकांचा आवाज वाढला की वेग वाढेल, आवाज उतरला की वेग उतरेल. कुणाच्या हातात काहीच नाही. जो तो आपल्या गळ्याने ठरवणार. मला वाटलं, बाबा रे, तू या म्हाताऱ्यांच्या मंडळात पहिल्यांदा लोकशाही आणतोयस!

पंपात एक गोष्ट उलटी असते. दाब वाढला की ड्राइव्ह वेग कमी करतो. म्हणून तो कधी हाताबाहेर जात नाही. मला आवाज वाढल्यावर वेग वाढवायचा होता. एक सेटिंग उलटं केलं. मिनिटाचं काम. त्या मिनिटात माझ्या डोक्यात काय चाललं होतं माहितीय? पाटीवर नाव मराठीत लिहावं की कन्नडात!

जुनी मोटर काढून लहान नवी बसवली. ड्राइव्ह भिंतीवर. माइक उंच, गाभाऱ्यासमोरच्या खांबावर, पोरांचे हात पोचू नयेत म्हणून शिडी लावून बसवला. ड्राइव्हची बटणंही लॉक केली, पोरांसाठीच. सुरू-बंद करायला फक्त भिंतीवरचा एक स्विच. तेवढ्यात सेतूरावकाका येऊन सांगून गेले, "जन्माच्या क्षणी जोर पाहिजे हं! आमच्या वडिलांना जोर आवडायचा." म्हणून वेगाची वरची मर्यादा मी वाढवून दुप्पट केली. घ्या जोर!

आणि टेस्टिंग? केलं की! मी काय वेडा आहे, न तपासता लावायला? पण टेस्टिंग दुपारी. आणि सेतूरावकाकांचं घर सभागृहाला लागून. "दुपारी नगारा वाजला तर बघ," असा निरोप आला. काकांची झोप मोडली की मंडळाची घटना, नियम सगळं बदलतं. म्हणून मी नगाऱ्यावर दोन जाड चादरी गुंडाळल्या. घंटेत फडकं कोंबलं. झांजेला रबर लावलं. मग एकटा उभा राहून आरती म्हणालो. बेसूर, पण म्हणालो.

आणि चाललं हो! मी हळू, तर मशीन हळू. धप्... धप्... मी जोरात, तर धपधपधप. मी थांबलो, की ते दमल्यासारखं थांबायचं. मला रडू यायचं बाकी होतं.

वळून बघितलं तर दारात अण्णा. भाजीची पिशवी घेऊन. किती वेळ उभे होते कोण जाणे. आत आले, चपला काढल्या, आणि एक ओळ हळूच म्हणाले. मशीन त्यांच्या बरोबर चाललं. शेजारून चालावं तसं.

"हे तू केलंस?"

"हो."

"एकट्याने?"

"हो, अण्णा."

अण्णांनी चादरीखालच्या नगाऱ्यावर हात ठेवला. म्हणाले, "गाळ्याला शटर जुनं आहे. बदलावं लागेल." आणि गेले.

कळलं ना तुम्हाला? शटर बदलावं लागेल! मी त्या रात्री झोपलो नाही. शटरचा रंग ठरवत होतो.

रामनवमी उजाडली. काय ते ऊन! सभागृहात माणूस मावत नव्हता. एका कोपऱ्यात गुळाच्या पानकाची पिंपं, भिजवलेल्या डाळीच्या कोसंबरीची पातेली. मधोमध फुलांनी सजवलेला पाळणा. आमच्याकडे नारळाला कुंची घालून पाळण्यात ठेवतात, तोच बाळराम. पाळण्याची दोरी बायकांच्या हातात, दोरीच्या टोकाला अंबक्का खुर्ची टाकून. नगाऱ्याच्या स्विचसमोर सेतूरावकाका स्वतः. पितळी पाटीला हार.

चादरी मी सकाळीच काढल्या होत्या. घंटेतलं फडकं काढलं, झांज पुसून लखलखीत केली. लक्षात येतंय का? अजून नाही? मलाही नव्हतं आलं.

भर दुपारी भटजींनी हात वर केला. "जन्म झाला!" फुलं उडाली, गुलाल उडाला, सेतूरावकाकांनी स्विच दाबला. आरती सुरू.

पहिलं कडवं सुंदर गेलं. लोकांच्या आवाजाबरोबर नगारा. अंबक्कांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. अण्णांनी गर्दीतून मला शोधलं आणि चक्क हसले. माझे वडील हसले हो!

मग नगारा थोडा वाढला. मी म्हटलं, वा, लोकांनी आवाज चढवला. लोकांना वाटलं, नगारा वाढला, आपणही वाढू. ते वाढले. नगारा आणखी वाढला. घंटा ठणाणा करायला लागली.

माइक लोकांचं ऐकत नव्हता. माइक नगाऱ्याचंच ऐकत होता! नगारा वाजला की माइकला वाटे, अरे वा, केवढे भक्त! की वेग वाढव. वेग वाढला की नगारा आणखी जोरात. की आणखी भक्त! चादरीत गुंडाळून मी त्याचं तोंड बांधलं होतं, म्हणून टेस्टिंगला तो शहाण्यासारखा वागला. आता तोंड मोकळं, कान मोकळे, आणि वर मर्यादा दुप्पट!

माणसं थांबली असती तर? पण आमचे लोक! आरतीत नगाऱ्याच्या मागे पडायचं म्हणजे केवढी नामुष्की! सेतूरावकाकांचा गट तर पेटलाच. इतकी वर्षं ज्या वेगाची वाट बघितली तो आला होता. शब्द संपले, नुसता सूर उरला. टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात दिसेनात. अंबक्कांचा गट हळू म्हणायचा म्हणून हट्टाला पेटला, आणि हळू म्हणायचं पण ऐकू आलं पाहिजे, म्हणून घसा फोडून हळू. माइकला काय, आवाज तो आवाज! दोरी ओढणाऱ्या बायका नगाऱ्याच्या तालावर ओढत होत्या. पाळणा आता झुलत नव्हता, झोकांड्या खात होता.

मी स्विचकडे धावलो. सेतूरावकाका आडवे.

"काका, बंद करा!"

"आरती मध्ये थांबवायची नाही!"

"काका, मशीन बिघडलंय!"

"बिघडलंय? अरे, आज पहिल्यांदा नीट चाललंय!"

घाम, गुलाल, आणि डोळ्यांत कधी न दिसलेलं तारुण्य. त्यांना हलवणं मला शक्य नव्हतं. ड्राइव्हकडे गेलो, बटणं लॉक, आणि गुलालाने बोटं अशी माखलेली की कोड दाबता येईना. माइककडे बघितलं, माइक उंच खांबावर, शिडी खाली गोडाऊनमध्ये. पोरांपासून केवढं जपलं होतं मी ते सगळं! एक पोरगं जवळ फिरकलं नाही. पोरं शांतपणे कोसंबरी खात होती.

मग मी काय केलं असेल? ओरडलो. "गप्प बसा! ओरडू नका! सगळे गप्प बसा!" बेंबीच्या देठापासून. खांबाखाली उभा राहून. माइकच्या बरोब्बर खाली!

माझ्या प्रत्येक 'गप्प बसा'ला नगारा चढत होता.

तेवढ्यात पाळण्याने एक हेलकावा असा घेतला की कुंची घातलेला नारळ उडाला. बाळराम हवेत! आणि अंबक्कांनी, ऐंशीला टेकलेल्या, काठीवर चालणाऱ्या अंबक्कांनी खुर्चीतून न उठता दोन हातांत झेलला. झेलला, पदरात घेतला, आणि आरतीची ओळ सोडली नाही.

अण्णा गर्दी कापत माझ्यापर्यंत आले. माझ्या कानाशी ओरडले, "थांबव की रे!"

मीही त्यांच्या कानाशी ओरडलो. जेवढा जोर होता तेवढा लावून. आणि नेमकं तेव्हाच नगाऱ्याचा एक दांडा निखळून दुसऱ्यात अडकला. मोटर जाम झाली. ड्राइव्हवर लोड आला आणि त्याने स्वतःला बंद करून घेतलं. त्याच्यात ती सोय असते. सगळं क्षणात ठप्प. नगारा, घंटा, झांज. माणसंही दचकून गप्प.

आणि त्या टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत, अख्ख्या समाजाने माझं वाक्य ऐकलं:

"...या थेरड्यांना जन्मात कधी कुणाचं ऐकायचंच नसतं!"

एक फूल वरून पडलं. तेही ऐकू आलं.

सेतूरावकाकांनी भटजींना विचारलं, "आरती पूर्ण झाली?"

"झाली," भटजी धापा टाकत म्हणाले. "दोनदा झाली असेल."

"मग पानक वाटा."

बस्स. कुणी मला एक शब्द बोललं नाही. घरीही नाही. तुम्हाला वाटेल किस्सा संपला. अहो, कसला संपतोय! अब्रू जायची अजून पुष्कळ बाकी होती.

पुढच्या रविवारी सकाळी कमिटीचं बोलावणं आलं. मी वर गेलो. पंखे बंद, खिडक्या उघड्या, सगळे ओळीने बसलेले. अण्णा शेवटच्या खुर्चीवर. सेतूरावकाका म्हणाले, "बस. तू त्या दिवशी म्हणालास, आम्ही कुणाचं ऐकत नाही. बरोबर?"

"हो काका."

"आज ऐकतो. बोल."

आणि खरंच गप्प बसले. सगळे. हात मांडीवर, नजर माझ्यावर.

मी माफीने सुरुवात केली, शप्पथ! "चुकलो," म्हणालो. "माइकची जागा चुकली, मर्यादा चुकली, टेस्टिंग चादरीत केलं, माझीच चूक." छान चाललं होतं. तिथे थांबलो असतो तर?

पण कुणी काही म्हणेना. 'असू दे' नाही, 'बरं' नाही, 'हं' नाही. मला वाटलं, बघा, पोहोचतच नाहीये! म्हणून जरा मोठ्याने म्हणालो की चूक सुधारता येते, मशीन वाया गेलेलं नाही. गप्प. मग म्हणालो की वाया गेलेला मीही नाही. गप्प. मग आवाज आणखी चढला. म्हणालो, काम करणाऱ्या मुलाला तुम्ही ब्रेकवर म्हणता. चाळीस वर्षं खुर्ची उबवणाऱ्याला काय म्हणता? गप्प! समोरून उत्तर येत नाही म्हणजे काय, मला किंमत नाही! मग मी निघालोच. आमच्या लग्नांत तुम्ही नाक खुपसता, आमच्या नोकऱ्या तुम्ही ठरवता, एक माइक बदलायला तीन बैठका घेता, तुमच्यातला एक मेल्याशिवाय इथली एक खुर्ची रिकामी होत नाही! कोसंबरीत मीठ जास्त होतं तेही म्हणालो. ते का म्हणालो मला आजही माहीत नाही. जावयाच्या कॉफीवर बोललो. सरांच्या पिवळ्या कागदांवर बोललो, ज्यांचा या मंडळाशी काडीचा संबंध नाही. आवाज इतका चढला की खालचा फुलवाला जिन्यात येऊन बघून गेला.

आणि समोर सगळे गप्प. नुसते ऐकत होते.

शेवटी मी टेबलावर हात आपटला. "आणि तो तुमचा गाळा! नको मला! द्या जावयाला! उकळा कॉफी!"

आणि ताडताड जिना उतरून खाली आलो. काय हलकं वाटलं म्हणून सांगू! मिनिटभर. फार तर.

मागून अण्णा आले. हळूहळू, कठडा धरून. माझ्यासमोर उभे राहिले. रागावलेले नव्हते, ते जास्त वाईट होतं.

"चेतन," ते म्हणाले, "ठराव कालच झाला होता."

"कसला?"

"गाळा तुला द्यायचा. सेतूरावकाकांनी स्वतः मांडला. म्हणाले, वडिलांच्या नगाऱ्याला असा जोर या पोराने आणला, पुढच्या वर्षी नीट करेल. अंबक्कांनी पाठिंबा दिला. तू फक्त माफी मागायची होती आणि सरी म्हणायचं होतं."

समोर तो गाळा. जुनं शटर. मी पायरीवर बसलो.

"जावई?" मी विचारलं.

"जावयाला काकांनीच नाही म्हणून सांगितलंय. तिकडे घरी मुलगी बोलत नाहीये त्यांच्याशी."

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. किती वर्षांनी ठेवला! म्हणाले, "हे बघ. अजून कुणी उठलेलं नाही. मी वर जातो, सांगतो, पोर रागात बोललं. मानतील. अंबक्का मानतील. तू इथे उभा राहा. काही करायचं नाही, काही बोलायचं नाही. फक्त गप्प. जमेल?"

मी मान हलवली. अण्णा जिना चढायला लागले.

आणि मी तिथे, खालच्या पायरीवर, गाळ्याकडे बघत उभा. आणि आतून काहीतरी वर येत गेलं. म्हणजे यांना गाळा द्यायचाच होता! काल ठरवलेलं होतं! आणि आज मला समोर उभं करून, ओळीने बसून, मला सगळं बोलू दिलं! एकाने, एकाने तरी मध्ये 'पुरे' म्हणावं की नाही? माझा आवाज माझा मलाच ऐकू आला तेव्हा कळलं की मी हे मनात म्हणत नाहीये.

"मग आधी सांगायला काय तोंडं शिवली होती का त्या थेरड्यांची!"

डोक्यावरच्या उघड्या खिडकीत अंबक्कांचं डोकं आलं.

"शिवली होती रे चेत्या! तुझं ऐकत होतो ना!"

आणि खिडकी लागली. एक, मग दुसरी, मग तिसरी. अण्णा अर्ध्या जिन्यात थांबले, आणि तिथूनच मागे फिरले.

गप्प उभं राहायचं होतं हो मला. मला दिलेलं एवढंच काम होतं.